चार भाषांतली ताई

दार आतून बंद होतं आणि आत कोणी बोलत नव्हतं.

सकाळचे दहा वाजून गेले होते. जानेवारीचा महिना, बाहेर धुकं इतकं की समोरच्या इमारतीचा रंग कळत नव्हता. आधी मी हळू टकटक केली, बाळंतीण झोपली असेल म्हणून. मग जोरात. मग पंजाने धाडधाड. "सुधा! अगं सुधा! अम्मा, दरवाजा खोलो!" काही नाही. दाराला कान लावला. नऊ दिवसांची मुलगी होती आत, तिचं कुरकुरणंसुद्धा नाही. साधी बांगडी वाजली नाही.

आत तिघी होत्या. सुधा, तिची मुलगी आणि सुधाची आई, अम्मा. तासाभरापूर्वी त्या खोलीतून बाहेर पडलेली मीच. खिडकी मी लावली होती. दाराखालच्या फटीत आतून जुनं लुगडं कोंबा, असं अम्मांना खुणेने मी सांगितलं होतं. आणि कोळशाची शेगडी बाजेखाली सरकवली होती तीही मीच.

मी परत आले होते ती चष्म्यासाठी. धुरी देताना चष्मा काढून ठेवायची माझी सवय. पुढच्या घरी गेले तर बाळाची बेंबी दिसेना. चष्मा विसरला नसता तर मी दुपारी बारापर्यंत तिकडेच असते.

मी ओरडायला लागले तशी समोरच्या फ्लॅटमधली शुक्लाइन, शुक्लांची बायको, बाहेर आली. ती ओरछ्याकडची, बुंदेली बोलणारी, हाताला कणीक लागलेली.

"काए ताई, का भओ?"

"लोढ़ा लाओ! जल्दी!"

"लोढ़ा? अब्बै कौन-सो मसालो पीसने है?"

"दार फोडना है, बाई! मसाला गया भाड़ में!"

तिला तेवढ्यात कळलं. पाट्यावरचा वरवंटा, इकडे झाशीत त्याला लोढ़ा म्हणतात, तो घेऊन ती धावत आली. आरडाओरड ऐकून वरच्या मजल्यावरचे घोषबाबू उतरले, मफलर, मोजे आणि हातात काठी. रेल्वेतून रिटायर झालेले बंगाली गृहस्थ. त्यांना म्हटलं, "दादा, बाहर से जाके खिड़की का काँच तोड़ो!" त्यांनी का, कसं काही विचारलं नाही. तळमजल्यावरचं घर होतं हे नशीब. तिकडे काच फुटल्याचा आवाज आला आणि इकडे मी दारावर वरवंटा घातला. नव्या इमारतीची कडी, चौथ्या घावाला स्क्रूसकट निघाली. ज्या ठेकेदाराने इतके स्वस्त स्क्रू लावले त्याला मी आजही दुवा देते.

आत गेले. अम्मा भिंतीशी चटईवर बसल्या बसल्या कलंडलेल्या. सुधा बाजेवर, मुलगी तिच्या कुशीत. आणि सांगते, तिघींचे चेहरे लाल-गुलाबी. विशेष करून त्या पोरीचे गाल, जसं काही कोणी कुंकवाचं बोट फिरवलं असावं. एक क्षण मला वाटलं, छान रंग आलाय, गाढ झोपल्यात.

आणि दुसऱ्या क्षणी मी पोरीकडे धावले. कारण हा रंग मी आधी एकदा पाहिला होता. प्रेम नगरमध्ये, वीसेक वर्षांपूर्वी. तेव्हाही पहिल्या क्षणी मला 'किती छान दिसतंय बाळ' असंच वाटलं होतं.

पोरीला उचललं आणि पहिल्यांदा बाहेर शुक्लाइनच्या हातात दिलं. "उघड्यावर ने! थंडी बघू नकोस!" मग सुधाला बाजेसकट ओढलं. सुतळीची बाज हलकी असते म्हणून जमलं. मग अम्मांना काखेत धरून. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते. अंगात इतकं बळ कुठून आलं, मला विचारू नका. दारापर्यंत येता येता माझंही डोकं गरगरायला लागलं. घोषबाबूंनी तोवर अँब्युलन्सला फोन केला होता आणि पत्ता सांगताना ते ओरडत होते, "ना ना, एलाइट चौराहा नहीं, चौराहे से आगे!"

आता जरा थांबते. माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर शहाणीसुरती बाई बाळंतिणीच्या खोलीत कोळसा का ठेवते, हे तुम्हाला कळणार नाही.

मी सुईण नाही. बाळंतपण दवाखान्यात होतं. तिथून माय-लेकरू घरी आलं की पुढचे चाळीस दिवस माझे. बाळंतिणीला तेल लावायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, पोट बांधायचं. बाळाला पाय लांब करून नडग्यांवर पालथं घ्यायचं, चोळायचं, न्हाऊ घालायचं. बाळ रडलं की घरचे घाबरतात, मला बरं वाटतं. मग शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून धुरी. आणि शेवटी शेक: बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर बाळंतीण. कंबर सुटते, अंग आवळतं. हे काम मी माझ्या आत्याकडून शिकले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, जळगावकडून आलेले. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढे आईने घरी बसवलं. आत्याबरोबर सोळाव्या वर्षी बाहेर पडले ते अजून फिरतेच आहे.

झाशीत हे काम म्हणजे रोज चार मुलखांत जाऊन येणं. हिंदीवाल्यांकडे सरसोंचं तेल, आपल्याकडे तिळाचं. त्यांच्याकडे सासू चरुआ चढवते, म्हणजे मडक्यात औषधी घालून पाणी उकळते आणि सून तेच पाणी पिते. पंजाब्यांकडे इतकं तूप की बाळंतिणीपेक्षा मलाच ढेकर येतात. पण एका गोष्टीवर सगळ्या मुलखांचं एकमत: हवा लागता कामा नये. खिडकी लावा, फट बुजवा, कान बांधा. आणि ह्यात मी सगळ्यात कडक. माझ्या बाळंतिणीला वाऱ्याची झुळूक लागली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. त्याचा मला ताठा होता.

आता 'ताई'चं सांगते. घरात चार भावांची मी थोरली, म्हणून ताई. मोहल्ल्यात ताई. कामाला लागले तशी हाकही माझ्यामागून घरोघर गेली. माझं खरं नाव आधार कार्डावर आहे, ते तिथेच राहू दे.

पहिल्यांदा आत्या आजारी पडली आणि मी एकटी एका हिंदीवाल्यांकडे गेले. दारात म्हातारी उभी. मला वरखाली बघून आत ओरडली, "सुनो, हमने तो ताई बुलवाई थी, जे तो छोकरी आ गई!" मला कळेना, मग ताई कशी असते? सतरा वर्षांची नसते? मग सुनेने हळूच सांगितलं, त्यांच्याकडे ताई म्हणजे बापाच्या मोठ्या भावाची बायको. ताऊ आणि ताई. घरातली सगळ्यात दांडगी बाई. म्हातारीने केस पांढरे झालेली, कंबरेला किल्ल्या लावलेली कोणीतरी मनात धरली होती. मी म्हटलं, "अम्मा जी, हाथ देखो, उमर मत देखो." संध्याकाळपर्यंत ती स्वतःचे गुडघे माझ्यापुढे घेऊन बसली.

दुसऱ्या एका घरी खरीखुरी ताई होती. बाळाच्या बापाची मोठी काकू, नऊवारीच्या तोडीची भारी साडी, सोफ्यावर ऐसपैस. मी आत बाळाला पायांवर घेतलेलं. सून न्हाणीतून ओरडली, "ताई, गरम पानी ले आओ!" मी हलू शकत नाही, म्हटलं दुसरी कोणी आणेल. बाहेर सोफा करकरला. मग आवाज आला, "बहू, हम पानी भरेंगे? हम?" त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव 'मराठी ताई' आणि तिचं 'ताई जी'. तरी ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही. तिला वाटायचं, तिचं नाव मी पळवलंय.

हलवाईसुद्धा मला सोडत नाहीत. जिलबी तळायची ती पसरट कढई असते ना, तिला इकडे तई म्हणतात, कोणी ताईही म्हणतं. बरुआसागरच्या बाजारात एकदा मी उभी होते, मागून आवाज आला, "हटो हटो, ताई गरम है!" मी गर्रकन वळून म्हटलं, "कोण म्हणतो रे मी गरम आहे?" हलवाई दोन्ही हातांत कढई धरून हसून हसून वाकडा.

इतकं सगळं मला ठाऊक होतं. मला वाटायचं, ताईचं जे काय आहे ते मला कळलं. दक्षिणेकडच्या घरांतून मात्र मी कधी गेले नव्हते, कारण त्यांच्या बायका बाळंतपणाला माहेरी जातात. सुधाला डॉक्टरने प्रवास नको सांगितला, म्हणून तिची आईच दावणगेऱ्याहून झाशीला आली. सुधाचा नवरा मंजुनाथ इथल्या कारखान्यात इंजिनियर.

अम्मांना हिंदी येत नव्हतं, मला कानडी. पण काय सांगू, पहिल्याच दिवशी आमचं जमलं! मी म्हटलं 'बाळंतीण', त्या म्हणाल्या 'बाणंती'. मी बाळाला पायांवर घेतलं तर त्यांनीही पाय लांब करून दाखवले, आमच्याकडेही असंच. तेल त्यांचं खोबरेल. मी नाक मुरडलं, त्यांनी माझ्या तिळाच्या तेलाला मुरडलं. शेवटी सुधाला एक दिवस हे, एक दिवस ते. आणि अम्मा मला हाक मारायच्या, "तायी!" मला वाटलं, शुक्लाइनने नाव सांगितलं असेल, त्यांच्या जिभेवर जरा लांबलं.

आता शेगडी. हे नीट ऐका. रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांत छताजवळ रोशनदान असायचं, हाताएवढी उघडी चौकट, तिथे चिमण्या घरटी करायच्या. खिडक्यांची लाकडं वाकलेली, दाराखाली मांजर जाईल एवढी फट. तिथे मी कितीही बुजवलं तरी हवा यायचीच. पन्नास वर्षं माझी शेगडी त्या फटींच्या भरवशावर जळत होती आणि मला वाटत होतं, माझ्या हाताला यश आहे. सुधाचं घर नव्या इमारतीत. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, रबर लावलेली. रोशनदान नाहीच. मी ते पाहिलं आणि मनात म्हणाले, वा, काय घट्ट बसते! त्या दिवशी धुकं होतं म्हणून शेक झाल्यावरही शेगडी उचलू नका, असं अम्मांना खुणेने सांगितलं आणि वर दोन मुठी कोळसा टाकून गेले.

सरकारी दवाखान्यात तिघींना आत नेलं, तोंडाला नळ्या लावल्या. तरुण डॉक्टर होता, माझ्या नातवाच्या वयाचा. बाहेर येऊन म्हणाला, "कमरे में कोयला किसने जलाया?"

शुक्लाइनने माझ्याकडे पाहिलं नाही. बरी बाई आहे.

मी म्हटलं, "मैंने."

"बंद कमरे में?"

"हाँ. खिड़की भी मैंने बंद की."

"अम्मा जी, इतनी उमर हो गई, अकल नहीं आई?"

"नाही आली," मी म्हटलं. मराठीतच निघालं. त्याला कळलं.

मग त्याने समजावलं. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की एक वायू होतो. वास नाही, धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही. माणूस जागा असेल तर डोकं दुखतं, झोप येते आणि तो झोपतो. रक्तात तो वायू शिरला की कधी कधी अंग लाल-गुलाबी दिसतं. "लोगों को लगता है, बढ़िया सो रहा है," तो म्हणाला.

मी विचारलं, "बच्चे को ज्यादा चढ़ता है?"

"बच्चे को जल्दी चढ़ता है."

मी खाली बाकावर बसले. प्रेम नगर पुन्हा डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात मंजुनाथ आला, कारखान्याच्या कपड्यांत, हेल्मेट हातात तसंच. "तायी, क्या हुआ? तायी?" मी त्याला सगळं सांगितलं. शेगडी माझी, खिडकी माझी, लुगड्याची बुद्धी माझी. त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्याच शेजारी बसला, हेल्मेट मांडीवर.

आम्ही चौघं त्या बाकावर. आत नळ्यांचा सूं-सूं आवाज. घोषबाबूंना शांतता सोसत नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "आच्छा मंजुनाथ, एक बात बोलो. तुम इनको ताई बोलता है कि तायी?"

शुक्लाइन तडकली. "दादा, इतै जान पे बनी है और तुम्हें पोथी सूझ रई!"

पण मंजुनाथने उत्तर दिलं. त्यालाही बोलायला काहीतरी हवं होतं. "तायी. कन्नड में तायी माने माँ."

मी त्याच्याकडे वळले. "माँ?"

"हाँ. बड़ी औरत को इज्जत से भी बोलते हैं. मेरी सास आपको वही बोलती थी न."

म्हणजे इतके दिवस ती बाई मला आई म्हणत होती! माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल जेमतेम. आणि मी तिला शेगडी उचलू नको म्हणून सांगून आले.

घोषबाबू उठूनच उभे राहिले, काठी फरशीवर आपटली. "ताई तो! ताई तो!"

"अब तुम काए ताई-ताई चिल्ला रए?" शुक्लाइन.

"अरे बाबा, ये बांग्ला है! ताई माने 'इसीलिए'. ताई तो माने 'वही तो, ठीक बात'. देखो कैसा मजा!" आणि ते बोटांवर मोजायला लागले. मराठीत बहीण. हिंदीत मोठी काकू. कानडीत आई. बंगालीत कोणीच नाही, नुसतं 'म्हणून'. "एक दरवाजे पर चार लोग खड़ा है, सबका नाम एक, और कोई किसी का रिश्तेदार नहीं!"

शुक्लाइनचाही राग उतरला. "ऐसो कैसें? एकई शब्द तो है."

"एक कहाँ? चार है." आणि मग घोषबाबूंनी सांगितलं ते मी लक्षात ठेवलंय. हिंदीची ताई ताऊवरून, ताऊ बहुधा 'तात' वरून, तात म्हणजे बाप. कानडीची तायी तिच्या स्वतःच्या घरची, फार जुनी, तमिळमध्येही 'ताय' म्हणजे आई. बंगाली ताई संस्कृत 'तद्' वरून, तद् म्हणजे 'ते'. जिलबीची कढई तिसऱ्याच वाटेने, तव्याकडून. मी मधेच विचारलं, "और हमारी? मराठीवाली?" ते थांबले. म्हणाले, "आपका महाराष्ट्र बीच में बैठा है. लोग बोलता है, आपकी ताई दक्खिन से चढ़के आई. पक्का मैं नहीं बोलेगा."

दक्षिणेतून! म्हणजे माझी ताई आणि अम्मांची तायी एकाच घरच्या असतील? मी चौथी शिकलेली बाई, पण खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आत तिघी जगतायत की मरतायत ठाऊक नाही आणि मी बाहेर एका शब्दावरून विचारते आहे, "दादा, गुजराती में क्या है? तेलुगु में?" मंजुनाथ म्हणाला, "तेलुगु में भी तल्ली है, माँ. वो थोड़ा अलग." तो एकदा हसलासुद्धा. मग त्याने हेल्मेटमध्ये तोंड घातलं.

नेमकं तेव्हाच आतून पोर रडली.

नवजात बाळाचं रडणं मी आयुष्यभर ऐकत आले. भुकेचं, पोटदुखीचं, ओल्या लंगोटाचं. हे कशाचंच नव्हतं, नुसता संताप होता. शुक्लाइन ओरडली, "मोड़ी रोई! मोड़ी रोई!" आणि तिने घोषबाबूंना चक्क मिठी मारली. एरवी ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. नर्स बाहेर आली, म्हणाली, शोर मत करो. कोण ऐकतंय!

सुधाने दुपारी डोळे उघडले. अम्मांना दुसरा दिवस उजाडला. मला आत सोडलं तेव्हा त्या पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तायी." आता मला अर्थ माहीत होता. मी म्हटलं, "अहो, गप पडा." त्यांना मराठी येत नाही, पण गप पडल्या.

मला वाटलं होतं, त्या घरचं माझं काम संपलं. पाचव्या दिवशी मंजुनाथ स्वतः बोलवायला आला. गेले तर खिडकीला नवी काच, आणि खिडकी वीतभर उघडी. अम्मांनी मला आधी ती खिडकी दाखवली, मग कोपऱ्यात उपडी घातलेली शेगडी दाखवली, मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी कान पकडले. मग पाय लांब केले आणि पोरीला मागितलं.

पण प्रेम नगर राहिलं होतं.

तिथे किरण नावाची बाळंतीण होती. तिचा मुलगा बारा दिवसांचा. तेव्हाही थंडी. त्यांनी नुकतंच घर नवं बांधलं होतं, सिमेंटचं, दारं-खिडक्या घट्ट. मी शेगडी ठेवून, खिडकी लावून पुढच्या घरी गेले. थोड्या वेळाने सासू आत गेली तर खिडकी अर्धी उघडी, किरण उलट्या करून अर्धवट शुद्धीत, आणि पोर गेलेलं. गुलाबी गाल. सासूने तिथेच ठरवलं: "खिड़की खोल दी, हवा लगा दी, मार डाला लड़के को." मला बोलावलं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हाँ, हवा ही लगी है." माझ्या तोंडून निघालं म्हणजे त्या घरात कायदाच झाला. त्यानंतर तिला दोन मुलं झाली, दोन्ही ऐन उन्हाळ्यात, खोलीत शेगडी नव्हती हे नशीब; दोन्ही वेळा मीच गेले, आणि दोन्ही वेळा सासूने खिडकीला कुलूप लावलं. कोणी भांडलं की शेवटी तेच: तूने खिड़की खोली थी.

सुधाच्या घरून निघाले ती तडक तिथे गेले. सासू केव्हाच वारली होती. किरणचे केस पिकायला लागले होते. चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, चहा नंतर, आधी बस. आणि सांगितलं. हवा नव्हती. कोळसा होता. शेगडी मी ठेवली होती.

तिने हातातलं चहाचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मेरा सिर फट रहा था, ताई. मुझे लगा साँस नहीं आ रही. बस इसीलिए खोली थी."

"तूने खोली, इसीलिए तू बची."

"और पहले खोल देती तो?"

मी खोटं बोलत नाही. "तो शायद वो भी," मी म्हटलं. "पर तुझे कौन बताता? बताने वाली मैं थी, और मुझे मालूम नहीं था."

ती उठली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होतीच, ती तिने आणखी ढकलून भिंतीला टेकवली. मग नवऱ्याला आतून हाक मारली, "सुनो जी, इधर आओ. ताई कुछ कह रही हैं. फिर से कहो ताई, इनके सामने कहो."

मी पुन्हा सांगितलं. नवऱ्यासमोर सांगितलं, संध्याकाळी तिच्या मुलांसमोर सांगितलं, आणि नणंद कानपूरला असते तिला फोनवर सांगितलं. आता इथे लिहूनही सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की ताई घरात एक बोलली आणि बाहेर एक.

सुधा वाचली, अम्मा वाचल्या, आणि ती मुलगी वाचली, यंदा ती पहिलीत आहे. प्रेम नगरच्या घरात किरण वाचली. तिचं बाळ वाचलं नाही.